खाडीतून खुल्या समुद्राकडे : छोट्या शिडाच्या बोटीने निघण्याआधी

वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली, कळवा. या पट्ट्यात राहणाऱ्याला भरतीचं पाणी रोज दिसतं, पण ते पुलावरून, गाडीच्या काचेतून. त्यातलेच काही जण मुंबई बंदरातल्या एखाद्या सेलिंग क्लबात डिंगी, म्हणजे छोटी उघडी शिडाची होडी, चालवायला शिकतात, पुढे दोघं-तिघं मिळून जुनी सात-आठ मीटरची शिडाची बोट घेतात आणि लगेच विचारतात, हिच्यातून गोव्याला जाता येईल का?

येईल. मुंबई ते गोवा हे अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल आहे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. पाच नॉटची चाल राहिली तर दोन दिवसांत पोचता. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे २००९ साली 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन निघाले ते मुंबईहूनच. वाट आपल्या दारातून जाते, यात शंका नाही.

पण नवख्याच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो : खोल पाणी म्हणजे धोका आणि किनारा म्हणजे आसरा. हवा बिघडल्यावर छोट्या बोटीच्या बाबतीत बहुतेक वेळा हे उलटं असतं. लाट फुटते ती उथळ पाण्यात. खडक, जाळी, जहाजांची वर्दळ हे सगळं किनाऱ्यालगत. बाहेर बोट हलते, माणसं ओकतात, रात्र संपता संपत नाही, पण बोटीला वाहत जायला जागा असते आणि विचार करायला वेळ असतो. पुढे जे सांगतो आहे ते मुख्यतः ही जागा आणि हा वेळ आधीपासून कसा हाताशी ठेवायचा याबद्दल आहे.

पाण्याची भीती आधी पाण्यात घालवा

दोनशे मीटर न थांबता पोहता आलं पाहिजे आणि कपडे घालून अर्धा तास तरंगता आलं पाहिजे. डिंगीवर शिकताना ती मुद्दाम उलटवा, सरळ करा, पुन्हा उलटवा. हे कंटाळा येईपर्यंत करा. नाकातोंडात पाणी जात असताना हात शांतपणे दोरी शोधतात का, हे तिथेच कळतं, आणि ते कळल्याशिवाय मोठ्या बोटीचा विचार नको.

खाडीचं पाणी तिथीवर वाचा

कोकणातले तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटींचे प्रमुख, भरतीची वेळ तिथीवरून काढतात. हा हिशेब आजही इतका कामाचा आहे की मोबाइलमध्ये तक्ता असला तरी डोक्यात हा असावा. तिथीला पाऊणने गुणा. जे उत्तर येईल तितक्या वाजता मुंबईच्या आसपास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना सारखंच. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हिशेब आणि खरी वेळ यांत थोडंफार अंतर पडतं. छापील तक्ता अपोलो बंदराचा असतो; खाडीत वाशी-ऐरोलीच्या बाजूला पाणी त्यानंतर चढतं. निघायच्या दिवशी तक्ता बघायचाच, पण तारखा ठरवताना कॅलेंडरवरची तिथी पुरते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत जास्त; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे तो सर्वांत कमी. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा येतो तो उधाणाचाच. इतकं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं, पण सारख्या वेगाने नाही. एकूण चढउताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. पुलाच्या खांबांमधून जायचं असेल तर हे दोन तास टाळा. चार नॉटने जाणाऱ्या बोटीसमोर दोन नॉटचा ओघ असेल तर तुमची चाल निम्मी झाली, आणि वारा पडला तर बोट खांबावरच जाईल.

आता याला वाऱ्याची जोड द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा निवांत काळ. त्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा हलका वाहतो, सकाळी उशिरा तो पडतो, दुपारी एक-दोननंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत वाढतो. बंदराचं तोंड नैर्ऋत्येला उघडतं. ओहोटीचं पाणी तिथून बाहेर धावत असेल आणि त्याच वेळी खारा वारा नि बाहेरची फुगी, म्हणजे लांबून येणारी न फुटणारी लाट, आत येत असेल, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेवढाच वारा भरतीच्या पाण्याबरोबर आला तर समुद्र सपाट वाटतो.

म्हणून पहिल्यांदा बंदराबाहेर पडायचं ते अष्टमीच्या आसपास. भरती पहाटे सहाला पूर्ण, मग दुपारपर्यंत ओहोटी तुम्हाला मतलई वाऱ्यासह बाहेर नेते, आणि दुपारनंतरची भरती खाऱ्या वाऱ्यासह घरी आणते. शिवाय भांग असल्याने ओघ मवाळ. पौर्णिमेला नेमकं उलटं : बाराला भरती आणि भर दुपारी, वारा वाढत असताना, उधाणाची ओहोटी. नवखी मंडळी सुट्टी रविवारी आहे म्हणून रविवारी निघतात. वार बघू नका, तिथी बघा.

एक सूचना ठाणेकरांसाठी आणि बेलापूरकरांसाठी. निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक पुलाखालची मोकळी उंची आणि नौकानयनासाठी ठेवलेला गाळा नकाशावर शोधा, डोलकाठीची उंची त्यातून वजा करा, आणि हे गणित भरतीच्या पाण्याचं करा. पनवेलच्या खाडीतून बंदराकडे जाताना अटल सेतू लागतोच.

बोट : पाणी आत येणार नाही अशी

कण्याला वजन असलेली, म्हणजे कलली तरी आपोआप सरळ होणारी, आणि झाकणं घट्ट बंद होणारी बोट हवी. उघड्या बोटीने खाडी फिरा, मांडव्याला जा, त्यापुढे नाही.

खुल्या समुद्रात छोटी बोट बहुतेक वेळा लाटेच्या धडकेने बुडत नाही, आत शिरलेल्या पाण्याने बुडते. तेव्हा तपासणीची सुरुवात तिथून. बुडातून जाणाऱ्या प्रत्येक नळीच्या शेजारी तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. केबिनच्या दाराच्या फळ्या उलथलेल्या बोटीतही पडणार नाहीत अशा अडकवा. हाताने चालणारे पाणी उपसायचे दोन पंप हवेत, एक बाहेरून आणि एक आतून चालवता येईल असा. विजेचा पंप असेल तर चांगलंच, पण पाणी वाढलं की बॅटरी आधी जाते. दोन मजबूत बादल्या.

सुकाणू हातात धरून हलवा. खडखड असेल तर दुरुस्त झाल्याशिवाय निघायचं नाही. डोलकाठीला धरणाऱ्या तारा किती जुन्या आहेत हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर बदलून टाका. खर्च मोठा आहे, पण समुद्रात डोलकाठी पडली तर तिचं तुटकं टोक प्रत्येक लाटेबरोबर बोटीलाच भोकं पाडू लागतं. तारा कापायची मोठी कात्री म्हणूनच बाळगायची.

नांगराबद्दल लोक कंजुषी करतात. कोकणच्या किनाऱ्याला पाणी हळूहळू खोल होत जातं, त्यामुळे किनाऱ्यापासून बरंच दूर असतानाही नांगर टाकता येतो. इंजिन बंद पडून बोट खडकांकडे वाहू लागली तर वेळ विकत घेण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. दहा मीटर खोली, वर चार मीटर भरती, याच्या पाचपट म्हणजे सत्तर मीटर दोर आणि साखळी. वारा असेल तर आणखी.

बोटीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टा ताणून बांधा. प्रत्येकाच्या अंगात हार्नेस आणि त्याची दोरी त्या पट्ट्यात अडकवलेली. रात्री आणि वारा वाढल्यावर हे सक्तीचं, तांडेलालासुद्धा. लाइफजॅकेट १५० न्यूटनचं (हे तरंगवण्याच्या जोराचं माप), पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यासह. तो पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. आणि ते अंगावरच हवं. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीचा अपघात बंदराच्या आत, दिवसाउजेडी झाला आणि दहाहून जास्त माणसं गेली. जॅकेट शोधायला वेळ मिळेल हे गृहीत धरू नका.

आवाज पोचवण्याची साधनं

किनाऱ्यापासून काही मैलांवर मोबाइल मुका होतो. व्हीएचएफ रेडिओ हवा. त्याला परवाना लागतो, तो काढा. डोलकाठीच्या टोकाला अँटेना असलेला पंचवीस वॉटचा संच बराच लांब ऐकू जातो, हातातला संच जेमतेम चार-पाच मैल. वाहिनी १६ सतत चालू ठेवायची. जिवावर बेतलं असेल तर तीनदा 'मेडे', मग बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं, किती माणसं. नावानंतर लगेच ठिकाण सांगा. बाकीचं ऐकू गेलं नाही तरी मदत त्या जागी येईल. अडचण आहे पण जीव धोक्यात नाही, तेव्हा 'पॅन-पॅन'. हे शब्द उच्चारायला लाज वाटून लोक उशीर करतात. 'पॅन-पॅन' लवकर केलं आणि नंतर रद्द केलं, तर तटरक्षक दलाला त्याचा राग येत नाही.

४०६ मेगाहर्ट्झचं आपत्कालीन बीकन, ज्याला ईपर्ब म्हणतात, ते घ्या आणि त्याची नोंदणी बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात करा. नोंदणी नसेल तर संकेत आला तरी बोट कोणाची, फोन कोणाला करायचा, हे कळत नाही. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून निरोप धाडणारी उपकरणं परदेशातून आणून तशीच वापरू नका. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे.

तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही केबिनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. नोव्हेंबर २००८चे हल्लेखोर एका मच्छीमार बोटीतून आले, तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावर तपासणी कडक आहे. बोटीची नोंदणी, प्रत्येकाचं ओळखपत्र, विमा हे जलरोधक पिशवीत ठेवा आणि गस्तीची बोट जवळ आली की वेग कमी करून हात दिसतील असे उभे राहा.

यंत्रांपेक्षाही महत्त्वाचा किनाऱ्यावरचा माणूस. बहीण, मामा, शेजारचे काका, कोणीही चालेल, पण भिडस्त नको. कुठून कुठे, कोण कोण, बोटीचा रंग, कोणत्या वाटेने, हे सगळं त्याला लिहून द्या. आणि दोन वेळा द्या : या वेळेपर्यंत फोन नाही आला तर आमच्या मोबाइलवर प्रयत्न कर, आणि या वेळेपर्यंत नाही आला तर कोणालाही न विचारता १५५४ला कळव.

हवामान : कधी निघायचं नाही

जून ते सप्टेंबर नाही. सरकारची यांत्रिक बोटींवरची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, म्हणून ऑगस्टमध्ये आपणही निघावं असं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात वाढलेल्या तांडेलाने निघणं वेगळं.

खरी फसवणूक मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे होतात. 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ला अलिबाग-मुंबई पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. दिवाळीनंतरचे दिवस, हवा छान, बोटी बाहेर, आणि अशात ते आलं. 'निसर्ग' ३ जून २०२०ला रायगडला धडकलं. मे २०२१मध्ये 'तौक्ते' महाराष्ट्राच्या किनाऱ्याला न लागता मुंबईसमोरून उत्तरेला गेलं, तरी बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा मोठा बार्ज बुडाला. सात मीटरच्या बोटीने अशा वादळात तगून राहण्याची युक्ती कोणी सांगत असेल तर ऐकू नका. त्या वेळी बोट खाडीत, दुहेरी दोरांनी बांधलेली असली पाहिजे.

निघण्याआधी चार-पाच दिवस रोज हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज वाचा. एका दिवसाचा अंदाज वाचून काही कळत नाही. तो रोज कोणत्या बाजूला सरकतोय हे पाहायचं असतं. लाटांची उंची वाचताना दोन लाटांमधले सेकंदही वाचा. दीड मीटरची लाट दहा सेकंदांनी येत असेल तर बोट तिच्यावर हलकेच चढते-उतरते, तीच पाच सेकंदांनी आली तर हाडं मोडते. अंदाजात तीन दिवसांच्या आत अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र असेल, किंवा बंदरात खराब हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर बेत रद्द.

गोव्याला जाताना वायव्य वारा पाठीशी असतो, परतताना तो तोंडावर येतो. मार्च-एप्रिलमध्ये तो जोर धरतो. म्हणून परतीची तारीख नोकरीच्या रजेवर बेतू नका. बोट गोव्याला ठेवून रेल्वेने परत येण्याची तयारी मनात ठेवूनच निघा.

अंतर टप्प्याटप्प्याने वाढवा

पहिला हिवाळा मांडवा, मग खांदेरी. खांदेरी-उंदेरीला जाताना थळच्या खडकांपासून लांबून जा, नकाशावर त्यांची जागा आधीच लाल पेनाने घेरून ठेवा. नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे घ्या, आणि मोबाइलवर नकाशा असला तरी कागदी बरोबर ठेवा. बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे, हिरवी उजवीकडे. बाहेर पडताना उलट.

त्यानंतर एक रात्र. मुरुड-जंजिऱ्यापर्यंत साधारण पस्तीस-चाळीस मैल, तेवढ्यात संध्याकाळी निघून सकाळी पोचता येतं. रात्रीचे दोन धोके. पहिला जाळ्यांचा : डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये यांवर दिवा असेलच असं नाही, पंख्यात दोर अडकला की इंजिन गेलं. किनाऱ्याला चिकटून न जाता बाहेरून गेलात तर हा त्रास बराच कमी होतो. निघण्याआधी दिवाळे गावच्या किंवा करंजाच्या कोळीवाड्यात जाऊन विचारा की सध्या जाळी कुठे लागली आहेत. आदराने विचारलंत तर तांडेल वाळूवर रेघा ओढून दाखवतात, आणि ती माहिती कोणत्याही नकाशात नसते.

दुसरा धोका जहाजांचा. न्हावा-शेव्याला जाणाऱ्या कंटेनर जहाजाला तुम्ही दिसत नाही असंच धरून चला. ते चटकन थांबू किंवा वळू शकत नाही. बोटीत बसलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम तीन मैलांवर असतं. जहाज उंच म्हणून आधी दिसतं, तरी दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत वीस मिनिटंही मिळत नाहीत. त्यामुळे पहाऱ्यावरच्या माणसाने दर दहा मिनिटांनी उभं राहून चारी दिशा बघायच्या. जहाजाची दिशा होकायंत्रावर घ्या, तीन मिनिटांनी परत घ्या. दिशा तीच आणि जहाज मोठं होत असेल तर टक्कर ठरलेली आहे. ठळक वळण घ्या आणि त्याच्या मागून जा. खाणाखुणांची वाट बघू नका.

बोट प्रत्येकाला लागते, कमी-अधिक. गोळी आदल्या रात्री घ्यायची, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आलेपाक खिशात ठेवा, नजर क्षितिजावर, आणि ज्याला बोट लागली त्याच्या हाती सुकाणू द्या. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, चिवडा, म्हणजे एका हाताने खाता येईल असं. पाणी माणशी रोज चार लिटर, वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे एक फुटला तरी सगळं जात नाही.

वारा वाढू लागला

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. दहा नॉटला मजा देणारं शीड वीस नॉटला बोट आडवी पाडतं. म्हणून शीड आखडायचं ते वारा वाढण्याआधी, आकाश काळवंडताना किंवा अंधार पडताना. आखडलेलं शीड परत सोडायला पाच मिनिटं लागतात. वादळात पुढे जाऊन शीड आखडायला माणसाचा जीव लागू शकतो. त्याच वेळी सगळ्यांना खायला घाला, गोळ्या द्या, जॅकेट-हार्नेस चढवा, झाकणं लावा, ठिकाण वहीत लिहा.

आता मुख्य निर्णय. पश्चिमेचा वारा, डावीकडे कोकणचा किनारा, आठ-दहा मैलांवर एखादी खाडी. सगळे म्हणतात आत शिरूया. जयगड, विजयदुर्ग, दिघीसारखं खोल तोंड असेल, भरती चढत असेल, उजेड असेल आणि तुम्ही आधी तिथे गेला असाल, तर जा. यातली एक गोष्ट जरी कमी असेल तरी जाऊ नका. बाणकोट, आंजर्लेसारख्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. ओहोटी बाहेर येत असताना आणि पश्चिमेची लाट आत येत असताना तिथे पाणी उभं राहून फुटतं. बाहेरून बघताना ते कळत नाही, कारण समुद्राकडून लाटेची पाठ दिसते, फुटणारं तोंड किनाऱ्याकडे असतं. बोट त्या बांधावर आडवी झाली की सुटका नसते, आणि किनाऱ्यावर माणसं उभी असली तरी ती काही करू शकत नाहीत.

त्याऐवजी बाहेर वळा, निदान वीस मैल जागा मिळेपर्यंत. मग बोट थोपवून धरा. वळताना पुढच्या शिडाची दोरी सोडायची नाही, म्हणजे ते उलट्या बाजूने वारा घेतं. मोठं शीड आखडून ढिलं, आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधून टाकायचा. पुढचं शीड नाळ ढकलतं, सुकाणू तिला परत आणतं, आणि बोट वाऱ्याला तिरकी उभी राहून हळू वाहत जाते. हे पहिल्यांदा केल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, इतकी शांतता होते. चहा करता येतो. ताशी दीड मैल वाहिली तरी दहा तासांत पंधरा मैल होतात, आणि त्याच पंधरा मैलांसाठी आधी वीस मैल बाहेर जायचं होतं. हे प्रत्येक बोटीत थोडं वेगळं जमतं, तेव्हा पंधरा नॉटच्या चांगल्या हवेत खांदेरीच्या बाहेर जाऊन आधी सराव करा.

लाटा मोठ्या होऊन फुटायला लागल्या तर बोट त्यांना आडवी देऊ नका. इंग्लंड-आयर्लंडजवळच्या समुद्रातल्या १९७९च्या फास्टनेट शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटी वादळात सापडल्या आणि पंधरा खलाशी गेले. त्यानंतरच्या चाचण्यांत दिसलं की बोटीच्या लांबीच्या तीस टक्के उंचीची फुटणारी लाट बाजूने बसली तर बोट पालथी होऊ शकते. आठ मीटरच्या बोटीला म्हणजे जेमतेम अडीच मीटर. तेव्हा एकतर नाळेवरून समुद्री नांगर, म्हणजे पाण्यात उघडणारी कापडी छत्री, लांब दोराने सोडा आणि तोंड लाटांकडे ठेवा; नाहीतर पुढे जागा असेल तर वाऱ्याबरोबर पळा आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधलेले लांब दोर किंवा ड्रोग, म्हणजे वेग रोखणारी छोटी कापडी छत्री, ओढत वेग कमी ठेवा. साधन नसेल तर नांगराचा सगळा दोर, बादल्या, जुनं शीड गुंडाळून सोडा. माझा कल छोट्या बोटीसाठी मागून ओढण्याकडे आहे, कारण तयारीला वेळ कमी लागतो आणि सुकाणू हातात राहतं. पण कोकणात पश्चिमेचा वारा असताना पळायला जागा कमी असते, तेव्हा नाळेचा पर्याय तयार ठेवा.

माणूस पाण्यात पडलं तर

ओरडा. तरंगणारं जे हाताशी येईल ते फेका. जीपीएसवर जागा खूण करा. एकाचं काम फक्त हाताने दिशा दाखवत पाण्यातल्या माणसाकडे बघणं; त्याने दुसरं काही करायचं नाही, मान वळवायची नाही. दीड मीटरच्या लाटांत डोकं काही क्षणांत दिसेनासं होतं. लगेच बोट थोपवा, लांब जाऊ नका. भिजलेल्या, थकलेल्या माणसाला वर ओढणं दोघांनाही जमत नाही, म्हणून शिडाच्या कप्पीने उचलायचा सराव बंदरातच करून ठेवा. हा सराव केलेली माणसं नंतर हार्नेस आपणहून लावतात.

बोट सोडण्याआधी

फास्टनेटच्या त्या वादळात २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या. त्यांतल्या फक्त पाच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. २१ सप्टेंबर २०१८ला दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला. ते बोटीतच पडून राहिले, बीकन चालू होतं, आणि तिसऱ्या दिवशी मासेमारीवर गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. बोट मोडकी असली तरी ती राफ्टपेक्षा, म्हणजे जीव वाचवायच्या फुगवलेल्या तराफ्यापेक्षा, मोठी दिसते, तिच्यात पाणी आहे, सावली आहे. ती खरोखर बुडत असेल किंवा पेटली असेल तरच उतरा.

उतरताना आपत्कालीन पिशवी, बीकन, रेडिओ आणि हाती लागेल तेवढं पाणी घ्या. राफ्टची दोरी बोटीला शेवटपर्यंत बांधलेली ठेवा. आत गेल्यावर आधी सगळ्यांनी बोट लागण्याची गोळी घ्यावी, कारण राफ्टमध्ये ओकून शरीरातलं पाणी जातं आणि तेच सगळ्यात महाग आहे. जखमी सोडून बाकीच्यांनी पहिले चोवीस तास पाणी पिऊ नये, मग रोज माणशी अर्धा लिटर, घोट घोट. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. ते बाहेर टाकायला शरीराला त्याहून जास्त पाणी लागतं, म्हणून एक घोटसुद्धा नाही. आपल्या पाण्यात थंडीपेक्षा ऊन आधी मारतं. डोकं झाका, दुपारी कपडे समुद्राच्या पाण्याने ओले ठेवा आणि संध्याकाळपूर्वी वाळवा. पाणी कमी असेल तर खाऊ नका.

मॉरिस आणि मॅरलिन बेली हे दांपत्य १९७३ साली पॅसिफिकमध्ये ११७ दिवस तरंगत होतं. त्या काळात सात जहाजं त्यांना न पाहता निघून गेली. म्हणून लाल दिवटी जहाज दूर असताना जाळू नका. हातातली जेमतेम एक मिनिट जळते. पॅराशूट रॉकेट ३०० मीटर वर जातं आणि सुमारे चाळीस सेकंद दिसतं. ते आधी, आणि जहाज वळलं की हातातली. दिवसा आरसा चालतो. दिवट्यांची मुदत संपते, त्या दर तीन वर्षांनी बदला. बीकन एकदा चालू केलं की मदत येईपर्यंत बंद करायचं नाही.

परत आल्यावर

किनाऱ्यावरच्या माणसाला आधी फोन करा, मग आंघोळ. तुम्ही वेळेत पोचूनही कळवलं नाहीत तर तटरक्षक दलाची बोट कोणातरी दुसऱ्याला सोडून तुम्हाला शोधायला निघेल. वाटेत 'पॅन-पॅन' दिलं असेल तर ते रद्द झाल्याची खात्री करा. जॅकेट, हार्नेस, समुद्री नांगर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा, जॅकेटचा गॅसचा सिलिंडर फिरवून घट्ट बसला आहे का पाहा, पंप उघडून त्यातला कचरा काढा. आणि जाळी कुठे होती, कोणत्या बोयावरचा दिवा बंद होता, हे वहीत लिहून कोळीवाड्यातल्या ज्या काकांनी रेघा ओढून दिल्या होत्या त्यांनाही सांगा.